बॉनेटच्या दोन पिना

परभणी
१० मार्च २०२५

योगीराज,

रविवार, २३ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, पाथरीहून सोनपेठला जाणाऱ्या रस्त्यावर, तू विकलेलं कार्बन फायबरचं बॉनेट धावत्या गाडीवर उघडलं आणि समोरच्या काचेवर आदळलं. गाडीत आम्ही तिघं होतो. माझी भाची अपेक्षा गाडी चालवत होती, तिच्या शेजारी तिचा धाकटा भाऊ नागेश आणि मागच्या सीटवर मी. एका क्षणी समोर रस्ता होता, दुसऱ्या क्षणी काळी भिंत. अपेक्षानं ब्रेक दाबला, गाडी डावीकडं ओढली गेली आणि नागेशच्या बाजूनं पुलाच्या कठड्याला धडकली. तो स्वतःच्या साखरपुड्याला निघाला होता. सोनपेठला मुलीकडची माणसं मांडवात वाट बघत होती आणि आम्ही त्याला बाहेर काढायला पहार शोधत होतो.

वर आशीर्वाद लिहिलेला नाही. तो विसरून राहिलेला नाही.

तू माझ्या यजमानांच्या चुलतभावाचा मुलगा. ते असते तर तुझ्याशी गोड बोलले असते. मी एसटीच्या अपघात शाखेतून निवृत्त झालेली बाई आहे. शेकडो बसगाड्यांच्या अपघातांचे कागद माझ्या टेबलावरून गेले, आणि त्यात आपोआप घडलेला एकही अपघात मला सापडला नाही.

आता पुढचं ऐक. पोलिसांनी गुन्हा अपेक्षावर दाखल केला आहे. निष्काळजीपणे गाडी चालवून भावाच्या मृत्यूला कारणीभूत. पंचनाम्यात लिहिलंय, ‘धडकेमुळे बॉनेट उघडले.’ म्हणजे आधी धडक, मग बॉनेट. मी मागे बसले होते, आधी बॉनेट उघडलं, हे मी तीन वेळा सांगितलं. साहेब म्हणाले, “मावशी, तुम्ही घरच्या. तुम्ही तसंच सांगणार.” गाव त्याच्याही पुढं गेलंय. वालूरमध्ये एकच बोलणं, पोरीच्या हातात गाडी दिली म्हणून पोरगं गेलं. आणि या दोघांचा बाप, माझा भाऊ आबासाहेब, लेकीशी एक शब्द बोलत नाही. तेराव्याला तिला माणसांत येऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला परभणीला घेऊन आले. विद्यापीठात बियाण्यांच्या प्रयोगशाळेत तिची नोकरी आहे. तिथं जाते, रिक्षात बसली की डोळे मिटून घेते, आणि घरी आली की ताट तसंच ठेवते.

नागेशनं दिवाळीच्या सुमाराला भोसरीला तुझ्या शेडवर येऊन हे बॉनेट घेतलं. मला दाखवायला आणलं होतं. एका हातानं उचलून म्हणाला, “आत्या, बघ. लोखंडाचं असतं तर दोघं लागले असते.” मी विचारलं, लोखंडाच्या बॉनेटनं तुझं काय वाईट केलं होतं रे? तर हसला. काळी वीण, चटईसारखी, वरून काचेसारखा मुलामा. देखणं होतं, हे मी नाकारत नाही. पण बॉनेटनं आधी बंद राहावं, मग देखणं दिसावं.

तुझ्या मालाची पकड सदोष होती, असं पोलिसांना लेखी दे. फोन करू नकोस. फोनवर माणसं रडतात आणि नंतर आपण असं बोललोच नाही म्हणतात.

राजेश्री


भोसरी, पुणे
१७ मार्च २०२५

काकू, नमस्कार.

तुमचं पत्र शेडमध्ये उभ्या उभ्या वाचलं आणि मग मशीन बंद करून खाली बसलो. नागेश माझ्याकडं आला तेव्हा चार दिवस माझ्याच खोलीवर राहिला होता. तो गेल्याचं मोबाइलवर कळलं तसा मी निघालो आणि वालूरला मागच्या रांगेत उभा होतो. तुमचा हात गळ्यात बांधलेला होता. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, पण ओळखलं नाहीत.

त्याला मी दोन बॉनेटं दाखवली होती. एक फायबरग्लासचं, त्यावर कार्बनचा एकच थर. जड, मुकाट्यानं जागेवर बसणारं. दुसरं पूर्ण कार्बनचं. मी म्हणालो, “पहिलंच घे. दहा वर्षांची गाडी तुझी, वालूर ते परभणी फिरणार. हलकी करून कुणाला हरवायचंय तुला?” तर म्हणतो, “दादा, घ्यायचं तर खरं घेतो. वरून सोंग नको.”

मग त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. लोखंडी बॉनेट आपण वीतभर वरून सोडून देतो, ते स्वतःच्या वजनानं लॉकमध्ये बसतं. याला वजनच नाही. सोडलं तर अर्धवट अडकतं आणि बाहेरून बंद झाल्यासारखं दिसतं. म्हणून ते खाली टेकवायचं आणि लॉकच्या वर दोन्ही तळहात ठेवून दाबायचं. भलतीकडं दाबलं तर तडा जातो. आणि वाऱ्यानं उचलू नये म्हणून पुढच्या दोन्ही कोपऱ्यांना पिना. गाडीच्या सांगाड्यातून स्टीलचा दांडा वर येतो, बॉनेटच्या भोकातून बाहेर निघतो, त्यात आडवी क्लिप घालायची. क्लिपा लावल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही, हे त्याच्याकडून म्हणवून घेतलं होतं. देखभालही सांगितली. आपल्याकडच्या उन्हात वरचा मुलामा पिवळा पडतो, तर सावलीत लाव. धुण्याची पावडर नको, गाडीचा शाम्पू आणि मऊ कापड घे. अधूनमधून मेण लाव. पूजेला हळदीकुंकू थेट लावू देऊ नकोस, डाग बसतो. तो म्हणाला, “दादा, हे बॉनेट हाय का नवी नवरी?”

पिना मी माझ्या हातानं बसवल्या. तो निघताना काढलेला फोटो सोबत आहे. काकू, तुमच्या पत्रात पिनांचा शब्दसुद्धा नाही, म्हणून विचारतो. तुम्ही गाडीत बसलात तेव्हा बॉनेटच्या कोपऱ्यांवर दोन चकचकीत क्लिपा होत्या का? होत्या आणि तरी उघडलं असेल, तर मी स्वतः येऊन सही करतो. शेडला कुलूप लागलं तरी चालेल. पण आधी बॉनेट बघा.

आपला,
योगीराज


परभणी
२९ मार्च २०२५

योगीराज,

बघून आले.

मी त्या दिवशी पाथरीच्या बसस्टँडवर त्यांच्या गाडीत बसले, ते मागच्या दारानं, साड्यांच्या पिशव्या सांभाळत. बॉनेटवर झेंडूचा एवढा मोठा हार होता की खाली क्लिपा आहेत की नाहीत हे दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

गाडी ठाण्याच्या आवारात बाभळीखाली पडली आहे. हवालदार म्हणाला, “मावशी, भंगारात काय बघायलात?” मी म्हटलं, तुम्ही जे बघितलं नाही ते. त्यानं खुर्ची आणून दिली आणि स्वतःही बघत उभा राहिला.

बॉनेटचे दोन तुकडे झालेत. पुढच्या तुकड्याच्या दोन्ही कोपऱ्यांवर रुपयाएवढा गोल भाग आहे. तिथं रंग काळाच, पण वीण नाही. नखानं खरवडलं तर आतून राखाडी लांबी निघाली, भिंतीला भरतात तशी. खाली सांगाड्याला दोन्ही बाजूंना स्टीलचे दांडे मुळापासून कापलेले. हवालदाराकडून त्याचे फोटो काढून घेतले, ते सोबत पाठवते. लॉकमध्ये हाराचा दोरा आणि जरीच्या फितीचा तुकडा अजून अडकून आहे.

तुझ्यावर केलेला आरोप मी मागे घेते. शाईनं केला होता, शाईनंच मागे घेते.

आता मला एवढंच सांग. हे असं काम तुमच्याकडचा कुणी करतो का? आणि त्या दोऱ्यानं काही बिघडतं का? अपेक्षाला विचारलं तर म्हणते, मला आठवत नाही. ज्या मुलीला बियाण्यांच्या शंभर नमुन्यांचे नंबर तोंडपाठ असतात, तिला हे आठवत नाही.

राजेश्री


भोसरी
४ एप्रिल २०२५

काकू, नमस्कार.

फोटो बघितले. लांबी आमच्यातला कुणी भरणार नाही. हे पाट्या रंगवणाऱ्या पेंटरचं काम आहे. आणि दांडे कापलेत म्हणजे पिना परत लावायचा विचारच नव्हता.

दोऱ्याचं असं आहे. हार टिकावा म्हणून लोक दोऱ्याची टोकं बॉनेटच्या खाली घालून वरून बॉनेट पाडतात. लोखंडी असलं तर दोरा चेपून लॉक बसतं. हे हलकं, दोऱ्यावरच अडलं असणार. पिना असत्या तर तरीही सोनपेठपर्यंत उघडलं नसतं.

एक गोष्ट मी आजवर कुणाला बोललो नाही. शुक्रवारी, म्हणजे २१ तारखेला संध्याकाळी, नागेशचा फोन आला होता. “दादा, एक क्लिप हरवलीय, नवी धाड. परवा साखरपुड्याला जायचंय.” मी म्हणालो, तोवर जाड तार पिळून घाल. तो म्हणाला, “घातलीच हाय.” क्लिप मी शनिवारी कुरिअर केली. वालूरला पोचली तेव्हा घ्यायला कुणी नव्हतं. परत आली. माझ्या खणात आहे.

योगीराज


परभणी
७ एप्रिल २०२५

आबा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते.

नागेशच्या गाडीच्या बॉनेटला दोन पिना होत्या. त्या कापून भोकं लांबीनं बुजवली आहेत. त्या असत्या तर बॉनेट उघडलं नसतं. म्हणजे अपेक्षानं गाडी वेडीवाकडी चालवली नाही, तिला समोरचं दिसणंच बंद झालं. हे मी ठाण्यात सिद्ध करू शकते, पण त्यासाठी पिना कुणी आणि कधी काढल्या हे सांगणारा माणूस लागेल.

गाडी तुझ्या अंगणात असायची. तुझ्या घरात काय होतं ते तुला विचारल्याशिवाय होत नाही, हे सगळ्या वालूरला माहीत आहे. तर मला सांग, पिना कुणी काढल्या?

दोषारोपपत्र मे महिन्यात कोर्टात जाणार आहे. बायनाबाईला सांग, अपेक्षाची प्रकृती बरी आहे. ते खरं नाही, पण पोरीच्या आईला सांगायला दुसरं काही नाही.

राजेश्री


वालूर
१२ एप्रिल २०२५

आक्का,

तुमचं पत्र भेटलं. पोराची राख अजून गार न्हाई आन् तुमी त्याच्या गाडीला भिंग लावून बसलात. लय मोठं काम केलं. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात शिकलात, तिथं हेच शिकवायले होते का?

पिना नागेशनंच काढल्या. त्यालाच लाज वाटायली, सासुरवाडीला असली गाडी कशी न्यायची म्हणून. शनिवारी त्यानंच गाडी पेंटरकडं नेली. मला इचारलं न्हाई. जवान पोरगं, आमी कुठं आडवं जावं.

आन् पिना नव्हत्या तर नव्हत्या. पोरीनं हळू चालवली असती तर थांबली असती का न्हाई? तिला बघितलं की मला ती गाडी दिसतीय, म्हणून तिला घरी आणत न्हाई. तिची आई रोज मागं लागायलीय. लागू द्या.

मी आडतीवर जात न्हाई. त्याचे बूट दारात हायत, कुणाला हात लावू देईना मी. सोयाबीनचे भरलेले कट्टे घरात पडलेत, कोण बघतंय. आक्का, झालं ते झालं. बाईमाणसाला कोर्ट सोडून देतंय. माझ्या पदरात आता आजून काय टाकायलात?

आबासाहेब


परभणी
१९ एप्रिल २०२५

आबा,

शनिवारी, २२ फेब्रुवारीला, नागेश पेंटरकडं गेला नव्हता. तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत परभणीत माझ्याबरोबर होता. अंगठी बदलून घ्यायची होती आणि मुलीच्या आजीसाठी शाल. तो एसटीनं आला. मी विचारलं, गाडी कुठंय रे? म्हणाला, “बाबांनी ठेवून घेतली. धुऊन घेतो म्हणाले.” बापानं आपली गाडी धुऊन घ्यावी याचं त्याला एवढं अप्रूप वाटत होतं, की रसवंतीवर उसाचा रस पिताना त्यानं मला ते दोनदा सांगितलं.

खोटंच बोलायचं होतं तर ते माझ्यावर घालायचंस. मेलेल्या पोरावर का घातलंस?

मी सेलूला गेले होते. तुझ्या आडतीच्या पाट्या रंगवणारा रंगनाथ घरीच भेटला. मला बघूनच त्यानं मान खाली घातली. म्हणाला, “बाई, मालकांनी सोता गाडी आणली. मी म्हणालो, हे दांडे कशाला कापायलात, राहू द्या की. तर म्हणले, सोयरे मास्तर माणूस हायत. पोरगं शर्यतीचं वाटाया नको.” त्याला जबाब देशील का विचारलं. दिवसभर विचार करून त्यानं हो म्हटलं. त्याच्या बायकोनं मला चहासुद्धा दिला नाही, आणि तिचं बरोबर आहे. तुझ्या पाट्यांवर त्यांचं घर चालतं.

मग घरी येऊन मी अपेक्षापुढं बसले. म्हटलं, मला सगळं कळलंय, आता आठवत नाही म्हणू नकोस. तशी ती एकदम बोलायला लागली. रविवारी सकाळी काय झालं ते तुला माहीत आहे, पण तिच्या तोंडून ते कसं आलं ते तुला माहीत असायला हवं.

तिनं सांगितलं, की नागेश आंघोळ करून बाहेर आला आणि गाडीपाशी थबकला. “बाबा, पिना कुठंयत?” तू म्हणालास, “आजच्या दिवस न्हाई लागत.” तो म्हणाला, “असं चालणार न्हाई. जीपमधून जाऊ सगळे.” तोवर तू हार घातला होतास, नारळ फुटला होता. तू म्हणालास, पूजा झालेली गाडी मागं ठेवून निघायचं नसतं, अपशकुन होतो. आणि नवरदेवानं स्वतः चालवायची नसते म्हणून किल्ली अपेक्षाच्या हातात तूच दिलीस. हाराचे दोरे आत खोचले आणि बॉनेट वीतभर वरून सोडून दिलं, जन्मभर सोडत आलास तसं. नागेश ते दाबायला पुढं झाला, तर तू हात धरलास. “हळद लावलेल्या गाडीला आता कोण हात लावतंय का?” मग तू जीपमध्ये बसून पुढं निघून गेलास. तू गेल्यावरही नागेशनं तुझा शब्द मोडला नाही.

मी तिला विचारलं, हे तू पोलिसांना का सांगितलं नाहीस?

“आत्या, माझी शिक्षा कधीतरी संपंल. त्यांना हे कळलं तर त्यांची संपणार न्हाई.”

“त्याला कळलेलं नाही असं वाटतं तुला?”

“कळलंय. पण ते माझ्यावर राग काढतात म्हणून अजून उभे हायत. तो राग काढून घेतला तर पडतील.”

“आणि तू?”

“मी बसलेलीच हाय.”

असं म्हणाली आणि उठून ताट धुवायला गेली. न जेवलेलं ताट.

आबा, तू पोराला मारलंस असं मी म्हणत नाही. पोरगं चारचौघांत चांगलं दिसावं म्हणून तू ते केलंस. मास्तर माणसासमोर आपली मान ताठ राहावी म्हणून केलंस. असे बाप मी नोकरीत पुष्कळ बघितले, आणि त्यांचा मला रागही येत नाही. राग येतो तो नंतरच्या दोन महिन्यांचा. तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. गाव तुझ्या ओट्यावर बसून तुझ्या लेकीला नावं ठेवत होतं आणि तू ऐकत होतास. तेराव्याला ती चुलीपाशी बसून होती आणि तू बाहेर पान लावत होतास. तुला उभं राहायला तिची पाठ लागते. मी ती पाठ काढून घेणार आहे. पडलास तर पड. मी वालूरला येऊन तुला उचलायला बसेन, तुझी बहीण आहे. पण तिच्यावर उभा राहू देणार नाही.

ठाण्यात माझा आणि रंगनाथचा जबाब होणारच. योगीराज बॉनेटच्या फोटोंसह पुण्याहून येतो आहे. त्याला तुझी परवानगी लागत नाही. त्यानंतर तुझं नाव कागदावर येईल, ते पोलिसांच्या शब्दांत. त्याआधी ते तुझ्या शब्दांत आलं, तर तिला काही उरेल. म्हणून हे पत्र.

मला उत्तर नको. अपेक्षाच्या नावानं लिही. पिना कुणी कापून आणल्या, जीप उभी असताना त्याच गाडीनं जायचा हट्ट कुणी धरला, बॉनेट कुणी सोडलं आणि नागेशचा हात कुणी धरला, हे तुझ्या अक्षरात हवं. त्याखाली सही. नशीब, काळ आणि देव यांतल्या कुणाचंही नाव त्यात नको. सोमवार, २८ एप्रिल २०२५, संध्याकाळी सहाच्या आत ते इथं पोचलं पाहिजे. पोस्टानं पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. त्या वेळी ती प्रयोगशाळेतून घरी आलेली असते.

दार मी उघडणार नाही. ती उघडेल.

राजेश्री